पडद्यामागच्या तारा आणि ‘फरक स्पष्ट करा’

मीरा रोडच्या एका शाळेतील नववीच्या वहीत आम्ही एक तक्ता पाहिला. ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाखाली डाव्या रकान्यात ॲनालॉग : जुने, चित्र अस्पष्ट, उदाहरण व्हीजीए. उजव्या रकान्यात डिजिटल : नवे, चित्र स्पष्ट, उदाहरण एचडीएमआय. उत्तराला पूर्ण गुण होते. तक्ता पाठ करायला सोपा आहे, यात शंका नाही. पण त्यातील पहिला मुद्दा इतिहासाशी जुळत नाही आणि दुसरा भौतिकशास्त्राशी.

आधी इतिहास पाहू. आयबीएमच्या संगणकासाठी १९८१ साली आलेल्या सीजीए व्यवस्थेत रंगीत मॉनिटरकडे जाणारे संकेत डिजिटलच होते. लाल, हिरवा, निळा आणि तेजस्विता अशा चार तारा. प्रत्येक तार चालू किंवा बंद. म्हणून रंग २×२×२×२, म्हणजे १६. १९८४ च्या ईजीएमध्ये रंगांसाठी सहा तारा झाल्या आणि ६४ रंग शक्य झाले. याच रीतीने २,६२,१४४ रंग हवे असतील तर १८ तारा लागतील (विद्यार्थ्यांकडून हा गुणाकार जरूर करून घ्यावा). १९८७ साली व्हीजीए आणताना अभियंत्यांनी वेगळी वाट धरली. अंकांचे विद्युतदाबात रूपांतर संगणकातच केले आणि रंगांसाठी तीनच तारा ठेवल्या. प्रत्येक तारेवरचा दाब शून्य ते ०.७ व्होल्ट यांच्या दरम्यान कितीही असू शकतो. म्हणजे इथे डिजिटल जोडणी मागे पडून ॲनालॉग जोडणी पुढे आली, आणि ती सुधारणाच होती.

शिवाय त्या काळचा पडदा म्हणजे कॅथोड किरण नळी. तिला दाबच हवा असतो, अंक नव्हे. मुंबईत टीआयएफआरमध्ये १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या डिजिटल संगणकालाही अशाच नळीचा पडदा होता.

पुढे सपाट एलसीडी पडदे आले आणि हिशेब उलटला. व्हीजीएने जोडलेल्या एलसीडीत अंकांचा दाब होतो आणि त्या दाबाचे पुन्हा अंक करावे लागतात. हा दुहेरी खटाटोप टाळायला १९९९ साली डीव्हीआय आणि २००२ साली एचडीएमआय आले. तारांच्या संख्येची अडचण त्यांनी वेगाने सोडवली : बिट शेजारी शेजारी न पाठवता एकामागून एक पाठवायचे. १९२०×१०८० चित्रबिंदूंचे चित्र सेकंदाला ६० वेळा दाखवताना तारांच्या प्रत्येक जोडीतून सेकंदाला सुमारे दीड अब्ज बिट जातात.

आता स्पष्टतेचा मुद्दा. तार कोणतीही असो, तिच्यातून जातो तो विद्युतदाबच, आणि व्यत्यय दोन्हीकडे येतो. व्हीजीएत त्याची भर थेट चित्रात पडते. वर्गातल्या प्रोजेक्टरपर्यंत नेलेल्या दहा मीटर केबलची दोन्ही टोके नीट जुळत नसतील, तर संकेताचा काही भाग परत जाऊन पुन्हा येतो. त्या फेरीला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. १०२४×७६८ च्या चित्रात तेवढ्या वेळात सहा चित्रबिंदू उमटून गेलेले असतात. म्हणून अक्षराच्या उजवीकडे फिकट सावली दिसते. डिजिटलमध्ये दाब ठरावीक मर्यादेच्या कोणत्या बाजूला आहे एवढेच पाहिले जाते, त्यामुळे थोडा व्यत्यय पुसला जातो. मात्र तो वाढला की चमकते ठिपके येतात आणि मग पडदा काळा होतो. आखूड, चांगल्या केबलने जोडलेला व्हीजीए मॉनिटर वाचायला उत्तम चालतो. केवळ तक्त्यात डावीकडे आहे म्हणून तो भंगारात काढणे आम्हाला पटत नाही.

तक्ता पाठ असलेला विद्यार्थी दुकानात मात्र अडतो. एचडीएमआय निघणाऱ्या संगणकाला व्हीजीए मॉनिटर जोडायला नुसती तार पुरत नाही, रूपांतर करणारी चिप लागते, आणि तीही एकाच दिशेने काम करते. उलट डीव्हीआय-आय प्रकारात चपट्या पट्टीभोवतीच्या चार पिनांवर ॲनालॉग संकेत असतातच. तिथे साधा जोड चालतो. हे का, याचे उत्तर त्या दोन रकान्यांत कुठेच नाही.

शाळेच्या अडगळीत पहिली पिन तुटलेली व्हीजीए केबल सापडली तर ती टाकू नये. ती पिन लाल रंगाची. पडद्यावर पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरे लिहावीत आणि ही केबल जोडावी : पार्श्वभूमी निळसर हिरवी होते, अक्षरे काळी. असे का होते, हे केबल जोडण्यापूर्वीच मुलांना कागदावर लिहायला सांगावे.