वुहानच्या सीटी अभ्यासाचे निष्कर्ष : एक चिकित्सा

कोविड-१९च्या निदानात छातीच्या सीटी स्कॅनला जे महत्त्व प्राप्त झाले, त्याचा बराचसा आधार वुहानच्या तोंगजी रुग्णालयातील १०१४ रुग्णांच्या अभ्यासात सापडतो. 'रेडिऑलॉजी' या नियतकालिकाने फेब्रुवारी २०२० मध्ये तो प्रसिद्ध केला. आरटी-पीसीआर हा निकष धरता सीटीची संवेदनशीलता ९७ टक्के भरली. हा आकडा सर्वतोमुखी झाला. विशिष्टता केवळ २५ टक्के होती, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

म्हणजे आरटी-पीसीआर नकारात्मक आलेल्या ४१३ जणांपैकी ३०८ जणांच्या स्कॅनमध्येही न्यूमोनियाची चिन्हे होती. आरटी-पीसीआर कित्येकदा चुकते, हा लेखकांचा युक्तिवाद निराधार नाही. परंतु या ३०८ पैकी खरे रुग्ण किती, हे ठरविताना त्यांनी लक्षणांच्या जोडीला सीटीचाच आधार घेतला. ज्याची परीक्षा घ्यावयाची त्यालाच परीक्षक नेमण्यासारखे हे झाले.

'ग्राउंड ग्लास' म्हणजे घासलेल्या काचेसारखी धूसरता. वायुकोश द्रवाने वा पेशींनी अंशतः भरले की ती उमटते व तिच्यातूनही रक्तवाहिन्या दिसत राहतात. ती इजेची खूण आहे, विषाणूची ओळख नव्हे. इन्फ्लुएन्झा, न्यूमोसिस्टिसचा संसर्ग, फुप्फुसातील रक्तस्राव, हृदयविकारातील फुप्फुससूज यांतही ती आढळते. दोन्ही फुप्फुसांच्या परिघावरील, खालच्या खंडांतील धूसरता कोविडकडे अधिक निर्देश करते, एवढेच.

लेखकांचा निष्कर्ष साथग्रस्त प्रदेशापुरता होता. त्यांच्या नमुन्यात आरटी-पीसीआर सकारात्मक असलेले ५९ टक्के होते. हेच आकडे दर हजारी १०० बाधित असलेल्या समूहाला लावल्यास ९७ बाधितांबरोबर ६७५ अबाधितही सकारात्मक ठरतात; आठांत जेमतेम एक खरा. मर्यादादर्शक शब्द गळून पडला की शोधनिबंधाचे असे होते. शिवाय ९७ टक्क्यांचा भरवसा आजाराच्या दिवसावरही अवलंबून असतो. चीनमधीलच १२१ रुग्णांच्या दुसऱ्या एका अभ्यासात, लक्षणे सुरू झाल्यापासून दोन दिवसांच्या आत स्कॅन झालेल्या ३६ पैकी २० जणांची फुप्फुसे स्वच्छ दिसली होती.

महाराष्ट्रात याचे रूपांतर 'एचआरसीटी स्कोअर'मध्ये झाले. मागणी एवढी वाढली की सप्टेंबर २०२० मध्ये शासनाला तपासणीचे कमाल दर ठरवून द्यावे लागले. पाच खंडांना प्रत्येकी पाच, असा हा २५ गुणांचा स्कोअर फुप्फुसाचा किती भाग व्यापला आहे ते सांगतो. कशाने व्यापला, ते सांगत नाही. दुसऱ्याच दिवशी स्कॅन करवून शून्य गुणांवर निर्धास्त होणाऱ्या रुग्णाला हा भेद कोणी समजावून सांगितला होता?