'शॅल' आणि 'मे' : एका अनुच्छेदाचे वाचन

मंडळीची नियमावली, न्यासाचा दस्तऐवज, वरिष्ठ समितीकडे धाडावयाचे निवेदन असे पुष्कळसे लेखन आपल्या पाळकांना व उपदेशकांना आजही इंग्रजीतच करावे लागते. त्यात 'शॅल', 'मे', 'मस्ट', 'विल' ही साहाय्यक क्रियापदे केवळ भारदस्तपणासाठी पेरलेली आढळतात. वस्तुतः वाक्याचा सगळा भार त्यांच्यावरच असतो.

बुऱ्हाणपूरच्या मराठी भाषकांस याचे उदाहरण दूर शोधावयास नको. १९५६ पर्यंत हा तापीकाठचा मुलूख ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिले. अशा अल्पसंख्य भाषकांसाठी त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५० क घातला. मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याविषयी तो आहे. त्यात 'शॅल' आहे, हे वाचून आपल्याला समाधान वाटते. पण ते 'शॅल' कशाला जोडले आहे? सोय करण्याला नव्हे, तर सोय करण्याच्या प्रयत्नाला. पुढे राष्ट्रपतींनी राज्यांना निदेश देण्याची बाब येते. तेथे 'मे' आहे.

आता शेजारचा ३५० ख पाहावा. भाषिक अल्पसंख्यकांसाठी विशेष अधिकारी असेल, तेथे 'शॅल'. अन्वेषण करून अहवाल देणे हे त्याचे कर्तव्य असेल, तेथे 'शॅल'. राष्ट्रपती ते अहवाल संसदेपुढे ठेववतील, तेथेही 'शॅल'. म्हणजे अहवाल मांडणे बंधनकारक आणि त्यावरून निदेश देणे ऐच्छिक! मसुदाकारांनी शब्द तोलून वापरले आहेत, यात शंका नाही. पण त्या तोलात मराठी मुलाच्या वाट्याला हलके पारडे आले, असे माझे मत आहे. 'शासनाने मराठी शाळा काढलीच पाहिजे, असे घटना म्हणते' असे निवेदनात लिहिले, तर जाणता अधिकारी ते पहिल्याच वाचनात बाजूस सारील. 'राज्याने कोणता प्रयत्न केला?' हा प्रश्न मात्र त्याला टाळता येणार नाही.

'शॅल' दिसले की बंधन आले, असेही नाही. १८८० साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे ज्यूलियस विरुद्ध ऑक्सफर्डचे बिशप हा वाद आला. क्लूअर येथील धर्मगुरूच्या उपासनाविधीविरुद्ध तक्रार होती, आणि बिशपांनी चौकशी नाकारली होती. १८४० च्या कायद्यात बिशपांनी चौकशी नेमणे 'शॅल बी लॉफुल' म्हटले होते. न्यायाधीशांनी ठरविले की या शब्दांनी केवळ अधिकार मिळतो. तो वापरण्याचे कर्तव्य अन्य कारणांनी सिद्ध करावे लागेल. बिशप जिंकले.

शाळेत शिकविला जाणारा जुना नियम जॉन वॉलिसच्या १६५३ च्या व्याकरणापासून चालत आला : साधा भविष्यकाळ सांगताना प्रथमपुरुषी 'शॅल', इतरत्र 'विल'. द्वितीय व तृतीय पुरुषी 'शॅल' आले की त्यात आज्ञा अथवा वचन. म्हणूनच १६११ च्या इंग्रजी बायबलातील दहा आज्ञांत 'शॅल्ट नॉट' येते, आणि मराठी बायबल तेथे भविष्यकाळ न वापरता सरळ 'नको' म्हणते. आधुनिक कायदेलेखनात मात्र अनेक ठिकाणी 'शॅल' टाकून 'मस्ट' घेण्याकडे कल आहे. मला तो योग्य वाटतो.

लिहिण्यापूर्वी वाक्य मराठीत मांडून पाहावे. 'समितीला साहाय्य देता येईल', 'समितीने साहाय्य द्यावे', 'समितीला साहाय्य द्यावेच लागेल' : 'मे', 'शुड', 'मस्ट'. ('समिती साहाय्य देईल' हे फसवे, ते नियम की नुसते भाकीत, हे कळत नाही.) समजा, दिवंगत उपदेशकाच्या विधवेस साहाय्य 'मे बी पेड' असे नियमात लिहिले. मग एक पैसाही न देता समितीने नियम तंतोतंत पाळला, असेच म्हणावे लागेल. मसुदा संमत होण्यापूर्वी अशा प्रत्येक 'मे'खाली रेघ ओढून, 'न दिल्यास दोष कोणाचा?' असे सभेत उघड विचारावे.