संपादकीय निवडीची पारदर्शकता : 'सत्यकथे'पासून समाजमाध्यमांपर्यंत

साहित्यव्यवहारात निवड अटळ असते. आलेले सर्व लेखन छापता येत नाही आणि छापलेले सर्व पहिल्या पानावर घेता येत नाही. त्यामुळे निवड व्हावी की नाही, हा वाद निरर्थक आहे. निवडीचे निकष लेखकाला कळतात काय आणि कळल्यास त्यांस उत्तर देता येते काय, हा खरा प्रश्न होय. समाजमाध्यमांवरील मजकुराची क्रमवारी व नियमन यांविषयी आज जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा गाभा मराठी वाचकास अपरिचित नाही. 'सत्यकथा' मासिक आणि त्याविरुद्ध उभे राहिलेले लघुनियतकालिकांचे बंड या संदर्भात पुन्हा तपासणे म्हणूनच उपयुक्त ठरते.

श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाखाली 'सत्यकथे'ने मराठी नवसाहित्याला आधार दिला, हे निर्विवाद आहे. मर्ढेकरांची कविता आणि गाडगीळ-गोखल्यांची कथा यांच्यामागे हे मासिक खंबीरपणे उभे राहिले. या संपादकांनी नकाराची कारणे दिली नाहीत, असेही म्हणता येत नाही. हस्तलिखित बारकाईने वाचून सविस्तर पत्र लिहिणे, पुनर्लेखन सुचविणे, प्रसंगी तेच लेखन दोन-तीनदा मागविणे ही पटवर्धनांची ख्यातीच होती. आजच्या किती संपादकांना इतका वेळ आणि इतकी आस्था असेल, ही शंकाच आहे. मात्र हा सारा व्यवहार खासगी होता. ज्याला पत्र आले त्याला कारण समजले. ज्याचे लेखन मुकाट्याने परत आले, त्याच्या हाती तर्काखेरीज काही उरले नाही. 'कलात्मकता' हा निकष सर्वांना ठाऊक होता, पण कोणाची बोली कलात्मक आणि कोणाची केवळ रांगडी, हे कोठेही मांडलेले नव्हते.

या न मांडलेल्या भागावरच बंडाचा रोख होता. 1954 मध्ये 'शब्द' या चक्रमुद्रित अनियतकालिकाने वेगळी वाट दाखविली होती. अशोक शहाणे, भालचंद्र नेमाडे, राजा ढाले आदींनी साठच्या दशकात ती रुंद केली. 1969 मध्ये ढाले व त्यांच्या सहकाऱ्यांनी गिरगावातील खटाववाडीत 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली. ढाले यांनी 'सत्यकथेची सत्यकथा' लिहून या मासिकाच्या अभिरुचीवर थेट हल्ला चढविला. समीक्षेत ही घटना बहुधा पिढ्यांचा संघर्ष म्हणून नोंदविली जाते. ते वाचन अपुरे आहे. अभिरुची आणि सत्ता एकाच टेबलावर बसतात आणि त्या टेबलापर्यंत दाद पोहोचत नाही, ही तक्रार त्यामागे होती.

तरीही बंडखोरांची बाजू निर्दोष ठरत नाही. लघुनियतकालिकांनीही निवड केलीच, आणि तीही बहुतांशी मित्रमंडळातून. तेथील निकष 'सत्यकथे'हून अधिक उघड होते, असे दाखविता येणार नाही. औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श'द्वारे जे केले, ते या दृष्टीने अधिक महत्त्वाचे वाटते. लेखक-वाचक मेळाव्यांच्या रूपाने संपादक, लेखक आणि वाचक समोरासमोर आले व छापलेल्या मजकुराचा जाब विचारण्याची एक जागा निर्माण झाली. पारदर्शकतेचा अर्थ नियमांची पाटी लावणे एवढाच नाही, हे तेथे दिसते.

मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या गावात बसून लिहिणाऱ्याला गिरगाव दूरच होते. पण दार एकच नव्हते. मेहकरचे वकील-कवी ना. घ. देशपांडे यांचे 'शीळ' हे गीत जी. एन. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवरून घरोघरी गेले. त्याच नावाचा संग्रह मात्र 1954 मध्ये, म्हणजे पुष्कळ नंतर आला. येथे संपादकाच्या आधी श्रोत्यांनी निवड केली. आज त्याच गावातील विद्यार्थ्याच्या हातात भ्रमणध्वनी आहे आणि कविता क्षणात प्रसिद्ध होते. दार उघडेच असल्याचा हा आभास आहे. कविता नाकारली जात नाही, ती फक्त खाली ढकलली जाते. साभार परतीचे पाकीट निदान नकार कळवीत असे. येथे नकार झाला हेच लेखकाला कळत नाही, आणि न कळलेल्या नकाराविरुद्ध होळी तरी कशाची पेटवावी?

कायद्याने या प्रश्नाला अर्धेच उत्तर दिले आहे. भारतातील 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार 50 लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या माध्यमाने स्वतःहून मजकूर काढल्यास वापरकर्त्याला कारण कळविणे आणि म्हणणे मांडण्याची संधी देणे आवश्यक आहे. ही तरतूद मजकूर काढण्यापुरती आहे. क्रमवारीत खाली सारणे तिच्या कक्षेत स्पष्टपणे येत नाही. युरोपीय संघाच्या 2022 च्या डिजिटल सेवा कायद्याने मात्र मजकुराची दृश्यता घटविणे हाही कारण देण्याजोगा निर्णय मानला आहे. मार्च 2023 मध्ये ट्विटरने आपल्या शिफारस-प्रणालीच्या संगणकीय संहितेचा काही भाग खुला केला. परंतु ज्या माहितीवर ती प्रणाली घडविली गेली, ती बाहेर आली नाही. संहिता वाचून एखादी विशिष्ट नोंद का मागे पडली, हे सामान्य लेखकाला उमगणेही शक्य नव्हते. खासगी पत्रातला सविस्तर अभिप्राय आणि सार्वजनिक पण दुर्बोध संहिता या दोन टोकांपैकी लेखकाला अधिक उपयोगी पडेल ते पहिलेच. त्यात निदान एक माणूस दुसऱ्याशी बोलत होता.

हा प्रश्न प्राध्यापकवर्गाला परका नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची संशोधनपत्रिकांची 'केअर' यादी 2025 मध्ये बंद करण्यात आली. यादीत पत्रिका घेण्या-वगळण्याच्या निर्णयांत पारदर्शकता नाही, हा तिच्यावरील प्रमुख आक्षेपांपैकी एक होता. यादी गेल्यामुळे गुणवत्ता ठरविण्याचे काम संस्थांकडे आले आहे. परीक्षकाने नाकारलेल्या शोधनिबंधासोबत त्याचा पूर्ण अभिप्राय लेखकाला मिळावा आणि त्यावरील लेखकाचे उत्तर संपादक मंडळापुढे यावे, एवढी व्यवस्था महाविद्यालयीन नियतकालिकांना खर्चाशिवाय करता येते. खटाववाडीतून पटवर्धनांच्या हस्ताक्षरात निघणाऱ्या पत्रांहून ती फारशी वेगळी नाही. फरक इतकाच, की ती काही मोजक्यांना नव्हे, प्रत्येकाला जावयाची आहेत.