आईचे सैन्य नऊ महिने झोपते काय?

रोगप्रतिकारशक्ती शिकवताना आपण शिक्षक हटकून सैन्याची उपमा घेतो. पांढऱ्या पेशी म्हणजे शिपाई, जंतू म्हणजे शत्रू. सातवी-आठवीपर्यंत हे खपून जाते. पण एखादी चुणचुणीत मुलगी विचारते, "सर, बाळात निम्मे गुण बापाचे, मग आईचे शिपाई त्याला परके समजून मारत का नाहीत?" येथे उपमा लंगडी पडते.

हाच प्रश्न पीटर मेदावार यांनी १९५३ साली एका निबंधात मांडला. परक्याची त्वचा शरीर का झिडकारते, याचा त्यांचा अभ्यास दांडगा. १९६० चे नोबेल पारितोषिक त्यांना बर्नेट यांच्याबरोबर मिळाले. त्यांनी तीन शक्यता सुचवल्या: आई व गर्भ यांत शारीरिक आडपडदा असावा, गर्भाची 'ओळख' अपक्व असावी, किंवा आईची प्रतिकारशक्तीच निष्क्रिय होत असावी. प्रश्न लाखमोलाचा होता. उत्तरांविषयी मात्र आमचे मत तितके चांगले नाही, आणि लोकांच्या मनात रुजले ते नेमके तिसरे, सर्वांत कच्चे उत्तर.

ते कच्चे का, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. गरोदर बाईला धनुर्वाताची लस देतात. तिच्या पेशी झोपल्या असत्या तर लस वाया गेली असती. उलट ती प्रतिपिंडे तयार करते, ती वारेतून बाळाला मिळतात आणि नवजात धनुर्वातापासून त्याचे रक्षण होते. आऱ्हेच-निगेटिव्ह आईचे उदाहरण तर याहून बोलके आहे. बाळाच्या तांबड्या पेशी तिच्या रक्तात उतरल्या की ती त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते व पुढच्या बाळावर संकट येते. जी यंत्रणा निष्क्रिय, ती हे कसे करील? इन्फ्लुएन्झा किंवा ई विषाणूची कावीळ गरोदरपणी जड जाते, हे खरे. पण तेवढ्यावरून सगळी प्रतिकारशक्ती ओसरते असे म्हणणे घाईचे आहे. आडपडद्याचेही तसेच. गर्भाच्या पेशी आईच्या रक्तात प्रसूतीनंतर २७ वर्षांनीही आढळल्याची नोंद १९९६ साली झाली.

मग खरे काय घडते? गरोदरपणाच्या सुरुवातीला गर्भाशयाच्या अस्तरातील पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के 'नैसर्गिक मारक पेशी' असतात. नाव भयंकर, पण येथे त्यांचे काम मारण्याचे नाही. वारेच्या पेशी आईच्या रक्तवाहिन्यांत शिरून त्या रुंद करतात, त्या कामी या पेशींची मदत होते. (नाव ठेवणाऱ्यांनीच सैन्याची उपमा फार मनावर घेतली, असे आम्हांस वाटते.) जोडीला नियामक टी पेशी असतात. त्या काढून टाकलेल्या उंदरिणींनी परक्या नराचे गर्भ गमावले, पण स्वतःच्याच वाणाच्या नराचे टिकवले, असे २००४ साली दिसून आले. म्हणजे आईला परकेपणा कळतो. ती तो सांभाळून घेते.

हे सांभाळणे बिघडले तर? गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जातो, बहुधा लघवीतून प्रथिने जातात. पुढे झटकेही येऊ शकतात. अशा अनेक मातांत रक्तवाहिन्या पुरेशा रुंदावलेल्या नसतात आणि नियामक पेशी कमी आढळतात. मात्र पेशींचा बदल हे कारण की परिणाम, याचा निवाडा अजून झालेला नाही. हा विकार पहिलटकरणींत अधिक. मेळघाटातून घाट उतरून अचलपूरला बाळंतपणासाठी येणाऱ्या बाईच्या बाबतीत तो वेळेत ओळखणे हा जिवाचा प्रश्न असतो. येथे सैन्याच्या उपमेचा आणखी एक तोटा दिसतो. 'आईचे शरीर बाळाशी लढले' असे ऐकले की सासरची मंडळी दोष बाईच्याच माथी मारतात. वास्तविक त्या वारेत बापाचीही जनुके असतात.

पेशी मोजून हा विकार आधी ओळखता येईल का, याचे संशोधन सुरू आहे. २०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी निरोगी गरोदरपणात या पेशी ठरावीक क्रमाने बदलतात असे दाखवून त्याला घड्याळाची उपमा दिली. आम्हांला ती सैन्यापेक्षा बरी वाटते. तोवर गावच्या नर्सबाईंच्या हातातला रक्तदाबाचा पट्टा व लघवीची तपासणी हीच भरवशाची साधने आहेत, आणि ती का लागतात हे नववीच्या मुलींना समजेल अशा भाषेत सांगता येते.