यादीत बेथलेहेम नाही: यहोशवाच्या हद्दी कशा वाचायच्या

यहोशवाच्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय उघडा. यहूदा वंशाच्या वाट्याला आलेली गावं तिथं ओळीनं दिली आहेत, शंभराहून जास्त. त्यात बेथलेहेम शोधून बघा. दावीद राजाचं गाव, यहूदाचं सगळ्यात प्रसिद्ध गाव, पण हिब्रू पाठात ते सापडणार नाही. पुढे १९:१५ मध्ये एक बेथलेहेम आहे, पण ते उत्तरेकडचं, जबुलून वंशाचं. मग यहूदाचं बेथलेहेम गेलं कुठं?

उत्तर खाली देतो. आधी हा प्रश्न तुमच्यासमोर का ठेवला ते सांगतो. जुन्या ग्रंथातली गावांची यादी किंवा हद्दीचं वर्णन मिळालं की आपण लगेच नकाशा काढायला बसतो. संशोधन आराखड्यात ‘या ग्रंथावरून तत्कालीन प्रदेशाच्या सीमा निश्चित होतात’ असं वाक्य येतं, आणि मार्गदर्शकही बऱ्याचदा ते तसंच जाऊ देतात. माझं म्हणणं एवढंच आहे की यादी म्हणजे नकाशा नव्हे. यादी कुणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी केलेली असते. ते ‘कुणी, कधी, कशासाठी’ यादीच्या आतच शोधावं लागतं. यहोशवाचे १३ ते १९ हे अध्याय त्यासाठी फार चांगले आहेत, कारण त्यांचे सांधे उघडे दिसतात.

या अध्यायांत कनान देश इस्राएलाच्या वंशांना वाटून दिल्याचं वर्णन आहे. त्यात दोन वेगळ्या प्रकारचा मजकूर आहे. एक, हद्दीचं वर्णन: रेषा अमुक झऱ्यापासून निघते, तमुक डोंगराकडे चढते, दरीत उतरते, समुद्राला मिळते. आपल्याकडे शेताच्या चतुःसीमा सांगतात तसंच. दोन, नुसती गावांची यादी, मध्ये मध्ये बेरीज देऊन. वाचताना हे दोन्ही एकच वाटतं, पण ते एका हातचं, एका काळचं असेलच असं नाही.

हे प्रथम पद्धतशीरपणे मांडलं ते जर्मन अभ्यासक आल्ब्रेख्त आल्ट यांनी, १९२५ आणि १९२७ च्या दोन लेखांत. त्यांचा युक्तिवाद आपल्या भागातलं उदाहरण घेऊन समजून घेऊ.

समजा, अंबडमधल्या एखाद्या जुन्या वाड्यात तुम्हाला तारीख नसलेला एक कागद मिळाला. वर शीर्षक: ‘यादवकालीन तालुके’. खाली जालना जिल्हा, आणि त्यात अंबड व घनसावंगी असे दोन वेगळे तालुके. तुम्ही काय म्हणाल? जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी अंबड औरंगाबाद जिल्ह्यात होतं. घनसावंगी तालुका अंबडमधून त्याच्याही नंतर वेगळा निघाला. म्हणजे शीर्षक काहीही म्हणो, कागद १९८१ नंतरचा आहे. आल्ट यांनी हेच केलं. ग्रंथ सांगतो की ही वाटणी यहोशवाच्या काळातली, म्हणजे राजे होण्याच्या कितीतरी आधीची. आल्ट म्हणाले की हद्दींच्या वर्णनामागे तेवढी जुनी परंपरा असू शकेल. यहूदाची गावं मात्र बारा विभागांत पद्धतशीर बसवलेली आहेत. ही कचेरीतली यादी आहे, योशीया राजाच्या (इ.स.पू. ६४० ते ६०९) राज्यकारभारातली.

या मतावर पुढे पुष्कळ वाद झाले. क्रॉस आणि राइट या दोघांनी १९५६ मध्ये यादी इ.स.पू. नवव्या शतकापर्यंत मागे नेली. नादाव नामान यांनी ती पुन्हा योशीयाच्या काळात आणली. एकच यादी, पुरावा तोच, आणि तारखांत दोनशे वर्षांहून जास्त फरक! हे असं का होतं, इथं जरा थांबून बघा.

पहिलं कारण म्हणजे युक्तिवाद गोल फिरतो. योशीयाच्या राज्याचे बारा विभाग होते हे आपल्याला कुठून कळतं? मुख्यतः याच यादीवरून. मग यादी योशीयाची कशावरून? तर तिच्यात बारा विभाग आहेत म्हणून. असं वर्तुळ तुमच्या प्रबंधात शिरलं तर परीक्षक तिथंच बोट ठेवतील. वर्तुळ तोडायला बाहेरचा पुरावा लागतो. यहूदात इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरीचे, राजाचे शिक्के असलेले मातीचे रांजण मोठ्या संख्येनं सापडले आहेत. त्या शिक्क्यांवर चार स्थळनावं येतात: हेब्रोन, जीफ, सोखो आणि चौथं ‘ममशत’ असं वाचलं जाणारं. पहिली तीन यहोशवाच्या यादीत आहेत, चौथं नाही. म्हणजे राजाच्या कारभारात महत्त्वाचं असलेलं एक ठिकाण यादीला ठाऊकच नाही, किंवा वेगळ्या नावानं ठाऊक आहे. यादी सरकारी आहे असं मानलं तरी ती संपूर्ण आहे असं मानता येत नाही.

दुसरं कारण अंबडच्या त्या कागदाकडे परत गेलं की कळेल. समजा यादी खरंच जुनी होती, पण १९८१ नंतर कुणीतरी नक्कल करताना जिल्हा-तालुक्यांची नावं आपल्या काळाप्रमाणे करून टाकली. मग? सगळ्यात नवं नाव शेवटच्या हाताची तारीख देतं, पहिल्या हाताची नाही. यहोशवातच हेब्रोनचं जुनं नाव किर्याथ-आर्बा, दबीरचं जुनं नाव किर्याथ-सेफर असं नोंदलेलं आहे. नावं बदलतात याची लिहिणाऱ्याला जाणीव होती. तेव्हा एका नावावरून सगळ्या यादीचा काळ ठरवू नका.

आता यादीतले सांधे बघू. १५:३२ मध्ये दक्षिणेकडच्या गावांची बेरीज २९ दिली आहे. स्वतः मोजा, ३६ भरतात. म्हणजे बेरीज झाल्यावर नावं वाढवली गेली असणार, किंवा जोडनावं फुटून दोन-दोन झाली असणार. सरा आणि एष्टावोल ही गावं यहूदाकडेही आहेत (१५:३३) आणि दान वंशाकडेही (१९:४१). किर्याथ-यारीम यहूदाच्या यादीत आहे (१५:६०) आणि बन्यामीनच्याही (१८:२८). शिमोनाची गावं तर यहूदाच्या वाट्याच्या आतच आहेत, आणि त्यातली बरीच दोन्हीकडे येतात. यरुशलेम १८:२८ प्रमाणे बन्यामीनचं. पण तिथल्या यबूसी लोकांना यहूदाचे वंशज घालवू शकले नाहीत असं १५:६३ सांगतं, आणि शास्त्यांच्या पुस्तकात (१:२१) तेच वाक्य बन्यामीनबद्दल येतं.

अजून एक गोष्ट बघा. यहूदाची गावं एवढी तपशिलात, पण एफ्राईम आणि मनश्शे या उत्तरेच्या मोठ्या वंशांच्या गावांची तशी यादीच नाही. यादी करणारा कुठं बसला होता याचा हा सगळ्यात साधा पुरावा. ज्या मुलखाचे कागद हाताशी होते तो मुलूख भरून आला, बाकीचा मोघम राहिला. तुमच्या साधनातही कोणता भाग दाट आणि कोणता विरळ आहे हे आधी मोजा.

आता बेथलेहेम. ग्रीक भाषांतरात, म्हणजे सेप्टुअजिंटमध्ये, १५:५९ च्या पुढे अकरा गावांचा एक जास्तीचा गट आहे. त्यात तकोवा आहे, आणि एफ्राथा, म्हणजेच बेथलेहेमही आहे. हिब्रू पाठात प्रत्येक गटाच्या शेवटी ‘इतकी गावं आणि त्यांची खेडी’ अशा अर्थाचे तेच ते शब्द येतात. नक्कल करणाऱ्याची नजर एका गटाच्या शेवटावरून पुढच्या गटाच्या शेवटावर गेली आणि मधली अकरा गावं गळाली, हा बहुतेकांना मान्य असलेला खुलासा. हिब्रू पाठ एकटा धरून नकाशा काढणारा माणूस यरुशलेमच्या दक्षिणेला एक मोठी मोकळी जागा ठेवेल आणि तिच्यावर सिद्धांतही मांडेल! एकाच संपादित प्रतीवर विसंबू नका असं जे सांगतात ते यासाठी.

गावं कधी माणसांच्या नावांतही लपलेली असतात. सलाफहादाला मुलगे नव्हते, म्हणून त्याच्या पाच मुलींना वाटा मिळाला (१७:३-४): महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. १९१० मध्ये शोमरोनच्या उत्खननात इ.स.पू. आठव्या शतकातली, शाईनं लिहिलेली खापरं मिळाली. तेल आणि द्राक्षारस कुठून आला याच्या त्या नोंदी आहेत, आणि त्यांत नोआ आणि होग्ला ही नावं प्रदेशांची म्हणून येतात. आपल्याकडे पैठणवरून पैठणकर होतो, म्हणजे गावावरून माणूस. इथं प्रदेश वंशावळीत मुली होऊन बसले आहेत. तेव्हा वंशावळ दिसली की तिच्यात भूगोल आहे का हेही तपासा.

एवढं वाचून ‘मग यादी खोटी का?’ असं विचाराल. खोटी नाही. ती मालकी सांगणारी यादी आहे, आणि मालकी सांगणारा मजकूर वस्तुस्थितीसोबत इच्छाही लिहितो. हे स्पष्ट व्हायला आपल्याच प्रदेशातला, मालकीचा दावा नसलेला एक मजकूर शेजारी ठेवू. महानुभावांच्या ‘आचारस्थळ’ या भाष्यात महाराष्ट्र म्हणजे काय ते खंडमंडळांत सांगितलं आहे. फलटणच्या दक्षिणेला मराठी बोलली जाते तिथवर एक, त्याच्या उत्तरेला बालाघाटाच्या शेवटापर्यंत दुसरं, गंगेचे म्हणजे गोदावरीचे दोन्ही काठ तिसरं, तिथून मेहकरचा घाट चौथं, आणि सगळं वऱ्हाड पाचवं. हे सांगायचं कारण जमीन वाटणं नव्हतं. चक्रधरांनी अनुयायांना महाराष्ट्रात राहायला सांगितलं, कानडी आणि तेलुगू मुलखात जाऊ नका म्हटलं. मग महाराष्ट्र कुठवर, हा प्रश्न फिरत्या भिक्षूंना पडणारच.

फरक नदीत दिसतो. आचारस्थळात गोदावरी ही मंडळाचा मध्य आहे, दोन्ही काठ मिळून एक मुलूख. आज तीच गोदावरी अंबड तालुक्याची दक्षिण हद्द आहे: अलीकडे शहागड, जालना जिल्हा, आणि पलीकडे गेवराई, बीड जिल्हा. नदी तीच, पण भिक्षूसाठी ती वाट आणि वस्ती होती, कचेरीसाठी रेषा झाली. यहोशवाच्या २२ व्या अध्यायात हीच भीती बोलून दाखवली आहे. यार्देनेच्या पूर्वेकडचे वंश म्हणतात, उद्या तुमची मुलं आमच्या मुलांना सांगतील की नदी ही हद्द आहे, तुमचा इकडे वाटा नाही. नदीला हद्द करायचं की नाही हे माणसं ठरवतात, आणि त्यावर भांडतातही.

म्हणून यादी चुकीची वाचली तर नुकसान फक्त प्रबंधाचं होत नाही. एडवर्ड रॉबिन्सन यांनी १८३८ मध्ये पॅलेस्टाइनमध्ये फिरून अरबी गावांच्या नावांवरून बायबलमधली स्थळं ओळखली. तिथल्या शेतकऱ्यांनी तोंडी जपलेली नावं हा त्यांचा मुख्य पुरावा होता. पुढे १९४९ मध्ये इस्राएल सरकारनं नेगेव भागातल्या स्थळांना हिब्रू नावं देण्यासाठी समिती नेमली आणि नकाशावरची अरबी नावं बाजूला गेली. ज्या नावांनी जुनी यादी वाचता आली, तीच नकाशावरून पुसली. आपल्याकडेही आचारस्थळाचा उतारा आजच्या सीमावादात पुरावा म्हणून पुढे करायचा मोह होतो. तो उतारा मराठी भाषेच्या प्रदेशाची जाणीव किती जुनी आहे हे दाखवतो, आणि ते मोठंच काम आहे. पण भिक्षूंच्या नियमातून तालुक्याची हद्द निघत नाही.

तुमच्या विषयात स्थळनावं असतील तर आराखडा लिहिण्याआधी चार गोष्टी करा. यादीतली बेरीज स्वतः मोजा. दोनदा आलेली नावं वेगळी काढा. कोणता भाग दाट, कोणता विरळ ते बघा. आणि स्थळ ओळखताना नुसत्या नावाच्या सारखेपणावर थांबू नका. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन हे आपण मान्य करतो, कारण नाव जुळतं, सांची-भारहूतच्या दानलेखांत भोगवर्धनचे लोक येतात, आणि १९७३ च्या उत्खननात तिथं त्या काळची वस्ती मिळाली. तीन पुरावे एकमेकांना धरून आहेत. उलट ‘अंबा राजाचं म्हणून अंबड’ ही आख्यायिका गावाला आपल्या नावाबद्दल काय वाटतं ते सांगते, नाव कसं पडलं ते नाही. दोन्ही नोंदवा, पण वेगवेगळ्या रकान्यांत.

सराव करायचा असेल तर औरंगाबादचं १८८४ चं गॅझेटिअर आणि १९७७ चं गॅझेटिअर घ्या, दोन्हींतला अंबड तालुका समोरासमोर मांडा, आणि तिसऱ्या रकान्यात आजचे अंबड आणि घनसावंगी तालुके लिहा. कोणती गावं सरकली, कोणती गळाली, कोणत्या नावाचं स्पेलिंग बदललं ते टिपा. दोन-तीन दिवसांचं काम आहे. ते केल्यावर यहोशवाचा पंधरावा अध्याय पुन्हा वाचा. ‘एकोणतीस’ ही बेरीज तेव्हा तुम्हाला नुसती चूक वाटणार नाही. त्या यादीवरून किती हात फिरले असतील, हा प्रश्न तुम्ही आपण होऊन विचाराल.