दहापैकी सात रिपीटर: राजन समितीचा अहवाल वाचताना

गेल्या जूनमध्ये पिंपळनेरला मामांकडे गेलो होतो. मामेबहिणीचा नीटचा निकाल लागला होता. गुण वाईट नव्हते, पण सरकारी एमबीबीएसला पुरतील एवढे नव्हते. घरात एकच विषय चालू होता: लातूरला एक वर्ष रिपीट करायला पाठवायचं, की धुळ्याला बीएस्सीला घालायचं? क्लास, होस्टेल, मेस असा सगळा खर्च मांडून झाला होता आणि दोन बिघे शेत गहाण ठेवायचं बोलणं सुरू होतं. मामांनी व्हॉट्सअॅपवर आलेली एका क्लासची जाहिरात दाखवली. ‘निवड झालेल्या दहापैकी सात विद्यार्थी रिपीटर असतात!’ मामा म्हणाले, “दहामा सात पोरं रिपीटर शेतस, मंग आपली पोर काब्रं नही?”

मला तो आकडा ओळखीचा वाटला. तामिळनाडू सरकारच्या न्या. ए. के. राजन समितीच्या अहवालात जवळजवळ तोच आकडा आहे, पण तिथे तो नीटच्या विरोधात वापरला आहे. एकच आकडा एका ठिकाणी परीक्षा बंद करा म्हणून सांगतो आणि दुसरीकडे क्लासची फी भरायला लावतो. म्हणून या वेळी याच अहवालाबद्दल लिहितोय. प्रवेशपरीक्षा, शिक्षणातली विषमता किंवा सरकारी धोरण यांवर संशोधन करायचं डोक्यात असेल, तर हा अहवाल वाचायलाच हवा. त्याच्या चांगल्या गोष्टींसाठी वाचा आणि चुकांसाठीही वाचा.

अहवाल काय आहे

तामिळनाडूत २००७ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी राज्याची प्रवेशपरीक्षा नव्हती. बारावीच्या गुणांवर प्रवेश व्हायचे. २०१७ पासून वैद्यकीय प्रवेशाला नीट सक्तीची झाली. या बदलाचा समाजावर काय परिणाम झाला हे पाहायला सरकारने जून २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जुलैमध्ये अहवाल सादर झाला. पुढे सप्टेंबरमध्ये याच अहवालाच्या आधारे विधानसभेने नीटमधून सूट मागणारं विधेयक मंजूर केलं.

अहवालातले तीन आकडे सगळीकडे फिरले. तमिळ माध्यमाच्या मुलांचा वाटा आधी चौदा-पंधरा टक्क्यांच्या आसपास होता, तो नीटनंतर एक ते तीन टक्क्यांच्या दरम्यान आला. ग्रामीण मुलांचा वाटा साठच्या आसपास होता, तो पन्नासच्या आसपास घसरला. आणि प्रवेश मिळालेल्यांत रिपीटरचं प्रमाण २०१६-१७ मध्ये १२.४७ टक्के होतं, ते २०२०-२१ मध्ये ७१.४२ टक्के झालं.

काय चांगलं आहे

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे समितीने सरकारच्या कपाटातली प्रवेशाची नोंद बाहेर काढली. माध्यम, बोर्ड, गाव-शहर, उत्पन्न, पालकांचं शिक्षण, कितवा प्रयत्न, अशा खणांत मुलं मांडली आणि आधीची-नंतरची वर्षं शेजारी ठेवली. ‘गुणवत्ता’ या शब्दावर आपण चहाच्या टपरीवर तासन् तास भांडतो, पण निवडली गेलेली मुलं नेमकी कोण आहेत हे विचारत नाही. या अहवालाने ते विचारलं. तमिळ माध्यमाची घसरण तर इतकी मोठी आणि इतकी अचानक आहे, की पुढे मी जे आक्षेप घेणार आहे त्यातल्या एकानेही ती पुसली जात नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे टीका वाचून ‘अहवाल फालतू आहे’ असा निष्कर्ष कुणी काढू नये.

कुठे गडबड आहे

पहिली गडबड लोकमताची. समितीने निवेदनं मागवली आणि सुमारे ८६ हजार आली. बहुतेक नीटच्या विरोधात. संख्या मोठी वाटते, पण हा नमुना नाही. ज्याला बोलायचं होतं तो बोलला. वाटेल त्याने भरलेल्या ८६ हजार फॉर्मपेक्षा नीट निवडलेले आठशे विद्यार्थी जास्त सांगतात. सर्व्हेचा गुगल फॉर्म ग्रुपवर टाकून ‘पाचशे प्रतिसाद मिळाले’ म्हणून खूश होणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी हा धडा आहे. (मीही एमएला हेच केलं होतं. गाइडने पहिल्याच भेटीत फॉर्म परत केला.)

दुसरी गडबड ‘आधी’ची. आधीची पद्धत म्हणजे सगळ्यांना सारखी संधी, असा सूर अहवालात येतो. पण बारावीच्या गुणांचा काळ काही निरागस नव्हता. तामिळनाडूत नामक्कलच्या निवासी शाळा बारावीचे गुण काढून देण्यासाठीच प्रसिद्ध होत्या. आपल्याकडे ‘लातूर पॅटर्न’ हे नावही नीटमुळे पडलेलं नाही. बोर्डाच्या गुणवत्ता यादीच्या काळात ते पडलं. परीक्षा बदलली की क्लास संपत नाही, फक्त बोर्डावरचं नाव बदलतो. तुलना करताना ‘आधी’लाही तितकेच कठोर प्रश्न विचारायला हवेत.

तिसरी गडबड रिपीटरची, आणि ती सगळ्यात शिकण्यासारखी आहे. प्रवेश बारावीच्या गुणांवर असतो तेव्हा वर्ष घालवून हाताला फार काही लागत नाही. नीट पुन्हा पुन्हा देता येते आणि नव्या गुणांवर प्रवेश मिळतो. म्हणजे रिपीटर वाढणं हे काही अंशी नियम बदलल्याचंच फळ आहे. त्यातून अन्याय होत नाही असं नाही. वर्षभर थांबायला पैसा लागतो, म्हणून होतोच. पण तो अन्याय दाखवायचा तर रिपीटरमध्ये गरीब किती, श्रीमंत किती हे सांगावं लागेल. नुसत्या ७१.४२ वरून ते कळत नाही.

छेद कुठे आहे?

आता मामांच्या प्रश्नाकडे येऊ. ‘प्रवेश मिळालेल्यांपैकी रिपीटर किती’ आणि ‘रिपीटरपैकी प्रवेश किती जणांना मिळाला’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अहवालातला आकडा पहिल्याचं उत्तर देतो. जाहिरात तो दुसऱ्याचं उत्तर म्हणून विकते.

समजण्यासाठी एक मनाने रचलेलं उदाहरण घ्या. जागा १००. पहिल्यांदा बसलेले १,०००, रिपीटर ५,०००. रिपीटरना ७१ जागा मिळाल्या, नव्यांना २९. जाहिरात करायला झकास! पण रिपीटरची शक्यता झाली १.४ टक्के आणि नव्यांची २.९ टक्के. दहापैकी सात निवडलेले रिपीटर, तरी रिपीटरची संधी निम्मीच. दोन्ही गटांतली मुलं बदला, उत्तर उलटंही होईल. किती जण बसले हा छेद हातात नसेल तर शक्यतेबद्दल काहीच बोलता येत नाही. २०२४ ला देशभरात २३ लाखांवर मुलं नीटला बसली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या १ लाख १० हजारांच्या आसपास. या गर्दीत किती जण कितव्यांदा बसले होते, हा आकडा जाहिरातीत कधी येत नाही.

ग्रामीण आणि तमिळ माध्यमाच्या आकड्यांनाही हाच प्रश्न लागू आहे. वाटा घटला तो मुलं परीक्षेत मागे पडली म्हणून, की त्यांनी फॉर्मच भरला नाही म्हणून? दोन्ही वाईटच, पण उपाय वेगळे.

पिंपळनेरमधून पाहिलं तर

समजा असा अभ्यास आपल्याला महाराष्ट्रात करायचा आहे. सोपी वाट दिसते ती ७०:३० नियमाची. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग होते, आणि ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना होत्या. सप्टेंबर २०२० मध्ये हा नियम रद्द झाला. आधी आणि नंतर, तीन विभाग, तुलना तयार! पण थांबा. त्याच वर्षी कोरोना आला आणि २०२१ ला बारावीची लेखी परीक्षाच झाली नाही. शिवाय जळगावला २०१८ ला आणि नंदुरबारला २०२० ला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. एवढ्या गोष्टी एकदम हलल्यावर परिणाम कशाचा, हे वेगळं करणं अवघड आहे.

त्याहून मोठी अडचण म्हणजे त्या विभागणीत खान्देश नावाचा खण नव्हताच. साक्री तालुक्यातली पोर मुंबई-पुण्याच्या पोरांबरोबर ‘उर्वरित महाराष्ट्र’मध्ये मोजली जायची. जे खणात नाही ते तक्त्यात येत नाही आणि जे तक्त्यात नाही त्यावर धोरण होत नाही.

माध्यमाचंही तसंच. राजन अहवालात तमिळ आणि इंग्रजी हे दोन खण कामाचे ठरले. आमच्याकडे घरी अहिराणी, पश्चिम पट्ट्यातल्या पाड्यांवर कोकणी किंवा भिली, शाळेत मराठी आणि अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी. नीट २०१७ पासून मराठीतही देता येते. पण अकरावी-बारावी इंग्रजीत शिकलेली पोर मराठी पेपर घेणार कशी? फॉर्मवर ती ‘इंग्रजी’ टिक करते आणि आकडेवारीत इंग्रजी माध्यमाची होते. एमएचटी-सीईटीत तर गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो.

गावाचंही बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जुलै २०२४ मध्ये नीटचे केंद्रनिहाय निकाल जाहीर झाले. संशोधकांना वाटलं, घबाड मिळालं. पण केंद्र म्हणजे मूल जिथे परीक्षेला बसलं ती जागा. माझी बहीण लातूरला गेली असती, तर तिचे गुण लातूरच्या खात्यात जमा झाले असते आणि पिंपळनेरला कुणी हुशार नाही असंच दिसलं असतं.

तर मामांना मी काय सांगितलं? रिपीट करू नका, असं सांगितलं नाही. ते सांगायला लागणारा आकडाही माझ्याकडे नव्हता. जाहिरातीतला आकडा तिच्याबद्दल काहीही सांगत नाही, एवढंच सांगितलं. मग आम्ही दोघं तिचे शेवटचे दहा सराव पेपर घेऊन ओट्यावर बसलो. किती गुण न आल्यामुळे गेले, किती वेळ न पुरल्यामुळे गेले, शेवटच्या तीन महिन्यांत गुण चढत होते की अडकले होते, असं एकेक लिहून काढलं. फिजिक्समध्ये बरेच प्रश्न कोरे होते. ती म्हणाली, “भाऊ, टाइमच पुरना नही. प्रश्न दोनदा वाचना पडे.” इंग्रजीतला प्रश्न मनात मराठीत करून घेण्यात वेळ जात होता. हे कुठल्याच अहवालाच्या खणात नव्हतं.

शेवटी तिने धुळ्याला बीएस्सीला प्रवेश घेतला आणि एक प्रयत्न घरूनच करायचं ठरवलं. शेत गहाण पडलं नाही. निर्णय बरोबर की चूक ते पुढच्या वर्षी कळेल, आणि तेव्हाही एका मुलीवरून नियम काढायचा नसतो हे मला लक्षात ठेवावं लागेल.

तुमच्यासाठी गृहपाठ: राजन अहवालातला कुठलाही एक तक्ता घ्या आणि तीन ओळी लिहा. अंश काय, छेद काय, आणि आपल्या गावची पोरं त्यातल्या कोणत्या खणात पडतील. तिसरी ओळ लिहिताना अडलात, तर संशोधनाचा विषय तिथेच मिळालाय असं समजा.