मूळ, प्रत आणि विसर्जन

कुक्षीहून उत्तरेस काही कोसांवर, बाघिनी नदीच्या काठी, बाघची लेणी आहेत. न्यायालयाला सुटी असली आणि घरी पाहुणा आलेला असला, की आम्ही त्याला तेथे घेऊन जातो. पाहुणा ‘रंगमहाल’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या चौथ्या लेण्यातील भिंतीसमोर उभा राहतो आणि विचारतो, “चित्रे कोठे आहेत?” प्रश्न रास्त असतो. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची ती बौद्ध भित्तिचित्रे ओल, धूर आणि ढासळता खडक यांनी इतकी जर्जर झाली की, १९८२ साली महत्त्वाचे भाग भिंतीपासून सोडवून घ्यावे लागले. सुदैवाने १९२१ मध्ये नंदलाल बोस, असितकुमार हलदार प्रभृती चित्रकारांनी त्यांच्या नकला करून ठेवल्या होत्या. ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे मो. ब. गर्दे आदी विद्वानांच्या लेखांसह १९२७ साली लंडनहून या लेण्यांवर ग्रंथही निघाला. शोकाकुल स्त्री, टिपऱ्यांचे नृत्य, हत्तीघोड्यांची मिरवणूक ही बाघची दृश्ये आज रसिकांना ठाऊक आहेत, ती बहुतांशी त्या नकलांवरून. भिंत मुकी झाली. प्रत बोलत राहिली.

शेजारच्या दुसऱ्या लेण्यात आणखी एक नवल आहे. तेथील बुद्ध व बोधिसत्त्व यांच्या मूर्तींना आसपासचे लोक पिढ्यान्पिढ्या पांडव समजत आले. त्या लेण्याचे नावच ‘पांडवांची गुंफा’ पडले. शिल्पकाराने सांगितली एक कथा, लोकांनी वाचली दुसरी. आणि मूर्ती दोन्हींना पुरून उरल्या.

हे आज आठवण्याचे कारण निराळे आहे. ज्या एका देवस्थानाला प्रस्तुत लेखक कायद्याचा सल्ला देतो, तेथे जीर्णोद्धाराचा विचार चालू आहे. मूर्तीची झीज झालेली असल्याने नवी मूर्ती घडवावी, असे ठरले. सभेत एका तरुण विश्वस्ताने आपला मोबाइल टेबलावर ठेवला. त्यावर एका पौराणिक मालिकेतील नटाचा चेहरा होता. “मूर्ती अशी असावी. लोक देवाला आता याच रूपाने ओळखतात,” असे तो म्हणाला. त्याच्या श्रद्धेविषयी शंका घेण्यास जागा नव्हती. म्हणूनच उत्तर देणे कठीण झाले.

पाश्चात्य विचारवंत ज्याला ‘उत्तर-आधुनिकता’ म्हणतात, ती या टेबलावर अशी अवचित येऊन बसली होती. आधुनिक कलेचा विश्वास प्रगतीवर, शुद्ध आकारावर आणि कलावंताच्या अनन्य प्रतिभेवर होता. उत्तर-आधुनिकांनी तो विश्वास सोडला. १९६२ साली अँडी वॉरहॉलने सूपच्या डब्यांची बत्तीस चित्रे मांडली आणि दुकानाची फळी व कलादालन यांमधील भिंत पाडली. १९७९ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ लिओतार यांनी, मानवजातीच्या साऱ्या वाटचालीचा अर्थ लावू पाहणाऱ्या महाकथनांवरील विश्वास उडणे, हेच या अवस्थेचे लक्षण ठरविले. पुढे १९८१ मध्ये बोद्रियार यांनी असे प्रतिपादन केले की, आता प्रतिमा मुळाची नक्कल करीत नाही. मूळ नसलेल्या प्रतींचेच जग उभे राहिले आहे. उसनवारी, सरमिसळ, थट्टा, आणि कलाकृतीने स्वतःकडेच बोट दाखविणे, ही या कलेची ठळक लक्षणे होत.

वकिलाला यात फारसे नवे वाटत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ६२ व्या कलमाचे स्पष्टीकरण असे होते : एकाच यांत्रिक प्रक्रियेने छापलेल्या अनेक प्रतींपैकी प्रत्येक प्रत ही इतर प्रतींच्या मजकुराचा प्राथमिक पुरावा असते, परंतु त्या सर्व जर एखाद्या समान मुळाच्या प्रती असतील, तर त्या मुळाच्या मजकुराचा प्राथमिक पुरावा होऊ शकत नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही हे तत्त्व कायम ठेवले आहे. हजार छापील चित्रे एकमेकांची साक्ष देतील. देवाची साक्ष देण्याचा अधिकार त्यांना केवळ संख्येने मिळत नाही. तरुण विश्वस्ताचा युक्तिवाद नेमका येथे लंगडा होता.

परंतु म्हणून त्याला हसणेही योग्य नव्हे. आपल्या देवघरांचा इतिहास काय सांगतो? राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत शिळाछाप चित्रे घरोघरी गेली. त्या छापखान्यासाठी काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. १९१७ च्या ‘लंकादहना’त तर अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. प्रभातच्या ‘संत तुकारामा’त १९३६ साली विष्णुपंत पागनीस उभे राहिले, आणि पुढे तुकोबांच्या कित्येक तसबिरींवर पागनिसांची मुद्रा उमटली. आज ज्याला आपण ‘परंपरेतील रूप’ म्हणतो, त्याचा बराचसा भाग कोणे काळी बाजारातून आलेला आहे. तेव्हा उत्तर-आधुनिकता दूरदर्शनाबरोबर आली असे नव्हे. ती आपल्या देवघरात खिळ्याला टांगलेलीच होती.

दूरदर्शनाने काय केले ते मात्र नीट पाहिले पाहिजे. रामानंद सागर यांचे ‘रामायण’ जानेवारी १९८७ पासून जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी दिसत असे. संचाला हार घालून लोक त्यापुढे बसत, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. त्या मालिकेच्या नामावलीत वाल्मीकी, तुलसीदास, कंब, कृत्तिवास यांच्याबरोबर एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’ही होते. तंत्र म्हणाल तर हे उत्तर-आधुनिकच : अनेक ग्रंथांतून वेचे घ्यायचे आणि रविवर्म्याच्या चित्रांना शोभेल अशा नेपथ्यात ते गुंफायचे. परंतु फळ उलटे निघाले. जी रामकथा गावागणिक, कीर्तनकारागणिक निराळी सांगितली जात होती, तिला एकच मुख, एकच स्वर आणि एकच मुकुट मिळाला. पश्चिमेत महाकथन विरत असल्याचा निर्वाळा दिला जात असताना आपल्याकडे त्याच साधनांनी एक नवे महाकथन रचले गेले. लिओतार यांचे सूत्र आपल्या दूरदर्शनाला जसेच्या तसे लावणाऱ्या समीक्षकांनी ही विसंगती विचारात घ्यावी.

प्रतिमा मग मालिकेच्या बाहेर चालू लागली. १९९१ च्या लोकसभेत सीता झालेल्या दीपिका चिखलिया आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी हे दोघेही एकाच पक्षातर्फे निवडून आले. २०२४ मध्ये अरुण गोविल आले. त्या तिघांच्या लायकीविषयी आम्हाला काही म्हणावयाचे नाही. मतपेटीपर्यंत वेष उतरला नाही, एवढेच नोंदवावयाचे आहे.

आणि येथेच आमच्या रंगभूमीचा व या पडद्याचा मार्ग वेगळा होतो. कोकणात आणि गोव्यात देवळाच्या जत्रेत दशावतार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना थट्टा आणि भक्ती यांची सरमिसळ शिकवावी लागत नाही. आधी गणपती येतो, भटजी त्याची पूजा करतो. मग वेद चोरणारा संकासूर गावच्या बोलीत वाटेल ते बरळून लोकांना हसवितो, आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. नट हा नट आहे हे प्रत्येक प्रेक्षक जाणतो, कारण रंग चढविण्यापूर्वी त्याने त्याला देवळाच्या आवारातच पाहिलेले असते. पहाटे रंग उतरतो, तो माणूस पुन्हा कोणाचा तरी शेजारी होतो. उलट १९८८ साली सुरू झालेल्या बी. आर. चोपडा यांच्या ‘महाभारता’तील सूत्रधार ‘समय’ हा केवळ आवाज होता. तमाशातला सोंगाड्या ज्याला अडवून प्रश्न विचारील असा तो नव्हता. देहहीन सूत्रधाराशी वाद घालता येत नाही. त्याचे ऐकूनच घ्यावे लागते.

आमच्या उपासनेने प्रतीला कधी दूर ठेवले नाही. गाभाऱ्यात मूळ मूर्ती, पालखीत उत्सवमूर्ती. भाद्रपदात मातीचा गणपती. पण पालखी देवळात परत येते आणि माती पाण्यात परत जाते. आवाहनाला विसर्जनाची जोड आहे, म्हणून प्रत मुळाला गिळत नाही. पडद्यावरच्या प्रतिमेला विसर्जन नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा लागले, तेव्हा ते तेहतीस वर्षांपूर्वीचेच मुख होते. मालिका खोटी आहे हा आमचा आक्षेप नाही. ती परत जात नाही, हा आहे.

सभेत एवढे सगळे बोलण्याची सोय नव्हती. वृद्ध पुजारी मात्र इतका वेळ गप्प होते, ते हळूच म्हणाले, “वकीलसाहेब, उद्या त्या नटाने दुसरे काम धरले, तर आम्ही डोळे मिटून कोणाला आठवायचे?” तरुणाने मोबाइल उचलून खिशात ठेवला. तो पटून ठेवला की भिडेखातर, हे सांगता येत नाही. प्रश्न पुढील बैठकीत पुन्हा येणार आहे. कायदा देवतेला व्यक्ती मानतो आणि मूर्ती झिजली, भंगली तरी ती व्यक्ती संपत नाही, एवढे मी त्यांना सांगेन. मूर्तिकाराने जुन्या पाषाणाकडे पाहावे, शास्त्रातील प्रमाणांकडे पाहावे आणि उरलेले आपल्या हातावर सोपवावे, असेही सुचवीन. चेहरा थोडा अस्पष्ट राहिला तरी चालेल. बाघच्या त्या झिजलेल्या मूर्तींत लोकांना पांडव दिसले, ते त्यांनी स्वतः पाहिले म्हणून. भक्ताला पाहण्यासाठी काही उरले पाहिजे.